शिरढोणचा वाडा आणि आमचं घर



पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागलं की पळस्पे फाटा येतो. पुण्याकडे जाणारी आणि कोकणात उतरणारी वाहतूक इथं वेगळी होते. त्यामुळे फाट्यावर आपलं लक्ष असतं ते गर्दीकडे आणि घड्याळाकडे. पण फाटा मागे टाकून जरा पुढे गेलं की समोर कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. मूठ मिटून कुणी अंगठा वर धरावा, तसा. त्या अंगठ्याच्या नजरेच्या टप्प्यात, हायवेला लागूनच, शिरढोण नावाचं गाव आहे. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म या गावी ४ नोव्हेंबर १८४५ रोजी झाला. त्यांचा वाडा तिथं आजही उभा आहे.

आता माझी कबुली ऐका. मी इतिहासाचा शिक्षक. पेण तालुक्यातल्या एका शाळेत तीस वर्षांहून जास्त काळ शिकवून निवृत्त झालो. रोज सकाळी पनवेलहून एसटी पकडायची, संध्याकाळी परतायचं. म्हणजे शिरढोणची पाटी मी हजारो वेळा पाहिली. दरवर्षी वर्गात वासुदेव बळवंतांचा धडा शिकवला. फळ्यावर खडूनं त्यांच्या जन्मगावाचं नाव लिहिलं. मात्र एकदाही त्या थांब्यावर उतरलो नाही. आज उतरू, उद्या उतरू, असं करता करता नोकरी संपली. जवळचं असलं की ते कुठं पळून जातंय, असं आपल्याला वाटतं. ते पळून जातं, हे मला फार उशिरा कळलं. कसं कळलं, तेच आज सांगणार आहे.

माझं स्वतःचं गाव उलवे नदीच्या अंगाला, पनवेलच्या खाडीलगत होतं. ‘होतं’ म्हणतो, कारण नवी मुंबईच्या विमानतळासाठी जी दहा गावं उठली त्यांतलं ते एक. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. दहाही गावांची गोष्ट थोड्याफार फरकानं तीच आहे. १९७० साली नवी मुंबई वसवायचं ठरलं तेव्हा ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन त्यासाठी मुक्रर झाली. आमची भातशेती, मिठागरं त्यात गेली. तरी घरं जागेवर राहिली होती. विमानतळ आला तेव्हा घरांचीही पाळी आली. उलव्याची टेकडी फोडली, नदीचा प्रवाह वळवला, आणि ११६० हेक्टरांवर विमानतळ उभा राहिला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचं उद्घाटन झालं आणि डिसेंबरात विमानं उडू लागली.

मी इथं गाऱ्हाणं घेऊन आलेलो नाही. जमिनीच्या बदल्यात साडेबावीस टक्के विकसित भूखंडाची योजना होती, घरासाठी भूखंड मिळाला, नवं घर झालं. माझ्या पुतण्याला विमानतळावर काम लागलं. गावकऱ्यांची भांडणं झाली, मोर्चे निघाले, वाटाघाटी झाल्या, ते सगळं वर्तमानपत्रांत येऊन गेलं आहे. मला बोलायचं आहे ते त्याहून लहान गोष्टीबद्दल. आमचं जुनं घर पाडलं त्या दिवशी मी तिथं नव्हतो.

२०१८ साल. दहावीच्या परीक्षा सुरू होत्या आणि माझी पर्यवेक्षणाची पाळी होती. रजा मागितली असती तर बहुधा मिळालीही असती. मी मागितली नाही. मनात म्हटलं, भिंती पडताना बघण्यात काय अर्थ आहे? आई मात्र तिथं होती. शेजारच्या पडवीत सकाळपासून बसून राहिली. दुपारपर्यंत आटोपलं, असं भावानं फोनवर सांगितलं. संध्याकाळी मी गेलो तेव्हा दारं, चौकटी, चांगली कौलं टेंपोत चढली होती. आई पाट्या-वरवंट्यावर हात ठेवून बसली होती. मला बघून एवढंच म्हणाली, “आलास? बरा झाला.” त्यानंतर तिनं त्या दिवसाचा विषय कधी काढला नाही. मीही काढला नाही.

विमानतळाचं उद्घाटन झालं, त्यानंतरच्या थंडीतली गोष्ट. माझी नात पाचवीत आहे. ‘आपल्या परिसरातील ऐतिहासिक वास्तू’ असा प्रकल्प तिला शाळेतून मिळाला होता. ती मला म्हणाली, “आजोबा, तुम्ही इतिहासाचे शिक्षक ना? मग तुम्हीच सांगा कुठं जायचं.” मी शिरढोणचं नाव घेतलं. “तुम्ही पाहिलंय?” असं तिनं विचारलं आणि माझी पंचाईत झाली.

रविवारी सकाळी रिक्षा ठरवली. आईलाही घ्यावं असं मनात आलं. ती चौऱ्याऐंशी वर्षांची. पाय थकलेत, पण नजर आणि जीभ शाबूत आहे. पहिल्यांदा ती नाही म्हणाली. “परक्याचा घर बगून मी काय करू, बाला?” मग पणतीनं हट्ट धरला तेव्हा लुगडं सारखं करून निघाली.

हायवे सोडून गावात शिरलो. वाडा राज्य सरकारनं संरक्षित केलेला आहे. वाडा म्हटल्यावर पुण्यातल्या पेशवाई वाड्यांसारखं काही डोळ्यांसमोर आणू नका. दगडी जोतं, लाकडी खांब, उतरतं कौलारू छप्पर, ओटी आणि आत माजघर. कोकणातलं एक बऱ्यापैकी खातंपितं घर. नात थोडी हिरमुसली. तिला तोफा हव्या होत्या. आईचा चेहरा मात्र खुलला. रिक्षातून उतरल्यापासून ती पहिल्यांदा बोलली, “हा तं घर हाय!” तिला बहुतेक राजवाडा दाखवायला आणलंय असं वाटलं होतं.

श्रोतेहो, थोर माणसांची घरं बघताना हा अनुभव नेहमी येतो. रत्नागिरीच्या टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मघर बघा. पेण तालुक्यात गागोदे बुद्रुकला विनोबांचं घर बघा. नाशिकजवळ भगूरला सावरकरांचा वाडा बघा. सांगली जिल्ह्यात देवराष्ट्र्याला जा. पुढे महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री आणि देशाचे उपपंतप्रधान झालेले यशवंतराव चव्हाण तिथं आजोळी जन्मले, ते घर बघा. प्रत्येक ठिकाणी पहिलं मनात येतं ते हेच की, अरे, एवढंसंच! आपल्याही आजीचं घर असंच होतं की. ही घरं जपण्याचं मोल मला वाटतं यातच आहे. माणूस मोठा झाला तो मोठ्या घरामुळे नाही, हे धड्यात वाचून पोरांना पटत नाही. उंबऱ्यापाशी डोकं वाकवून आत शिरलं की पटतं.

ओटीवर बसून मी नातीला गोष्ट सांगायला घेतली. वासुदेवाचे आजोबा अनंतराव कर्नाळ्याचे किल्लेदार होते. १८१८ मध्ये इंग्रजांनी कर्नाळा घेतला. पेशवाई गेली, किल्लेदारी गेली, घर तेवढं राहिलं. लहानपणी या पोरानं आजोबांच्या तोंडून किल्ल्याच्या गोष्टी ऐकल्या असणार, आणि गोष्ट ऐकता ऐकता मान वर केली तर तो सुळका समोर. आपण हरवलेली वस्तू रोज डोळ्यांपुढं उभी असणं म्हणजे काय, याचा विचार करा. आम्हा दहा गावांच्या लोकांना तो थोडाफार करता येतो. आमच्या जागेवरून आता विमान उडतं आणि आम्ही गच्चीवरून ते बघतो.

नातीनं वही काढली होती. तिनं मधेच विचारलं, “या घरात ते किती वर्षं राहिले?”

प्रश्न साधा होता, पण मी अडखळलो. कारण उत्तर असं की, फार थोडी. कल्याणला त्यांचं आजोळ होतं, शिक्षणाचा काही काळ तिथं गेला. पुढे मुंबई, मग पुणे. मुंबईत रेल्वेत कारकुनी केली, नंतर पुण्याला लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी धरली. म्हणजे आपल्यासारखाच नोकरीपायी गाव सोडलेला माणूस. सणावाराला, लग्नकार्याला, आजारपणाला गावी यायचं. मुंबईच्या चाकरमान्यानं पुढची दीडशे वर्षं जे केलं, तेच.

“मग हे घर कशाला जपलं?” नातीचा पुढचा प्रश्न.

मी म्हटलं, थांब, आधी पुढचं ऐक.

१८७० साल. वासुदेवराव पुण्यात नोकरीवर होते. आई आजारी असल्याचा निरोप आला. त्यांनी रजा मागितली. ती वेळेवर मिळाली नाही. ते पोहोचले तेव्हा आई गेली होती. पुढच्या वर्षी आईच्या वर्षश्राद्धासाठी रजा मागितली, तीही नाकारली गेली. इंग्रजी राज्याविषयीचा त्यांचा संताप इथून पेटला, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. एकट्या त्या रजेमुळे कुणी बंडखोर होत नाही, हे खरं. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांची व्याख्यानं त्यांनी ऐकली होती. आपला कच्चा माल बाहेर कसा जातो आणि देश कसा कंगाल होतो, हे त्यांत होतं. नव्या पिढीला आपलं शिक्षण मिळावं म्हणून ते धडपडले. आजच्या महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीच्या संस्थापकांत त्यांचं नाव घेतलं जातं. मग १८७६-७७ चा दुष्काळ आला. त्यांनी गावोगाव हिंडून माणसं अन्नावाचून मरताना पाहिली. व्याख्यानांत जे आकडे ऐकले होते, ते आता रस्त्याच्या कडेला पडलेले दिसले. तेव्हा त्यांनी ठरवलं की, हे राज्य उलथवायचं.

सुशिक्षितांनी साथ दिली नाही. साथ दिली ती रामोशी, कोळी, भिल्ल, धनगर अशा लोकांनी. फेब्रुवारी १८७९ मध्ये पुण्याजवळच्या धामारी गावावर पहिला दरोडा पडला. फौज उभारायची तर पैसा हवा, आणि पैसा सावकारांच्या तिजोरीत. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांचे सरदार दौलतराव नाईक कोकणात उतरले. त्यांनी कुठली गावं लुटली, माहीत आहे? पळस्पे आणि चिखले. आपण सकाळी ज्या फाट्यावर चहा प्यायलो, तेच पळस्पे. परत घाटमाथ्याकडे जाताना मेजर डॅनियलच्या तुकडीनं गाठलं आणि दौलतराव मारले गेले. वासुदेवरावांचा उजवा हात तुटला.

वर्गात शिकवताना हा भाग मी घाईनं उरकत असे. त्या दिवशी ओटीवर बसल्यावर तसं करवेना. पळस्पे शिरढोणपासून हाकेच्या अंतरावर. म्हणजे ज्यांची घरं लुटली गेली, ते परके नव्हते. पंचक्रोशीतलेच. बाजाराला, देवळात भेटणारे. ज्याच्या नावानं दरोडा पडला, त्याचं घर शेजारच्या गावात होतं. त्या दिवसांत इथल्या माणसांना काय वाटलं असेल? अभिमान, भीती, राग? सगळंच असेल. पुतळ्याभोवती हार घालताना हे आठवत नाही. घरात बसलं की आठवतं, कारण घराला शेजार असतो.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल. सरकारनं त्यांना पकडून देणाऱ्यास बक्षीस लावलं. त्यांनी उलट गव्हर्नर रिचर्ड टेंपल यांच्या डोक्यावर बक्षीस जाहीर केलं. श्रीशैलपर्यंत भटकंती झाली. जुलै १८७९ मध्ये आताच्या कर्नाटकातल्या देवर नावदगी इथं, तापानं फणफणलेल्या अवस्थेत, त्यांना झोपेत पकडलं. पुण्यात खटला चालला. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. जन्मठेप काळ्या पाण्याची झाली आणि जानेवारी १८८० मध्ये त्यांना एडनला नेलं. तिथल्या कोठडीचं दार उचकटून ते एकदा निसटलेही, पण पुन्हा सापडले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी, एडनच्या तुरुंगातच, वयाच्या सदतिसाव्या वर्षी त्यांनी देह ठेवला. शिरढोणचं घर त्यांना पुन्हा दिसलं नाही.

आई इतका वेळ खांबाला टेकून बसली होती. ऐकते आहे की नाही, कळत नव्हतं. तिला फडके कोण, रानडे कोण, यात रस नसावा, असं मी धरून चाललो होतो. तिची नजर माजघरात होती. “चूल कुठं व्हती रं?” तिनं विचारलं. मग कणगी कुठं ठेवत असतील, पाणी कुठून आणत असतील, परसदार कुठल्या अंगाला. मला एकाही प्रश्नाचं उत्तर आलं नाही. नातीच्या वहीत सगळ्या तारखा होत्या. घर कसं चालत होतं, हे विचारणारी एकटी आई होती.

मग ती अचानक म्हणाली, “आयसला भेटला नाय ना तो?”

मी म्हटलं, “नाही. उशीर झाला त्याला.”

“रजा नाय दिली त्याला.”

“हो.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग खांबावरून हात काढत म्हणाली, “त्यानं मागितली तरी व्हती.”

श्रोतेहो, ती हे सहज बोलली की मला उद्देशून, ते मला आजही ठाऊक नाही. मी विचारलं नाही. तिच्या आवाजात राग नव्हता. पण सात-आठ वर्षं दोघांनी जो विषय टाळला होता, तो एका परक्या घराच्या ओटीवर आमच्या मधे येऊन बसला. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, “आई, त्या दिवशी मी यायला हवं होतं.” ती म्हणाली, “आता काय त्याचा.” मग पणतीला म्हणाली, “चल, मला मागचा दार दाखव.”

परतताना रिक्षात मला नातीच्या प्रश्नाचं उत्तर सुचलं. घर कशाला जपायचं? घरात काय घडलं ते दाखवायला, असं आपण म्हणतो. पण शिरढोणच्या वाड्यात जे मोठं घडलं, ते जवळजवळ सगळं घराबाहेर घडलं. पुण्यात, सह्याद्रीच्या खोऱ्यात, एडनला. घरात घडलं ते एवढंच की, एक मूल वाढलं. त्याची वाट बघणारी माणसं इथं राहिली. वासुदेवरावांनी पत्नी गोपिकाबाईंना लिहाय-वाचायला शिकवलं होतं, त्या काळी. त्या बाईनं नंतरचं लांबलचक आयुष्य नवऱ्यावाचून काढलं. त्यांचा पुतळा कुठं असेल तर मला ठाऊक नाही. पण चूल कुठं होती असं आईनं विचारलं, तेव्हा त्या घरातल्या बायकांची आठवण कुणीतरी काढली, असं मला वाटलं. नेत्याचं घर जपलं की त्याच्यामागे राहिलेल्यांचीही थोडी जागा राहते. म्हणून जपायचं.

आता दुसरा प्रश्न. ज्यांची घरं जपली जाणार नाहीत, त्यांचं काय? सगळी घरं ठेवता येणार नाहीत, हे मलाही कळतं. धरण होणार, रस्ता होणार, विमानतळ होणार. चाळी पडून टॉवर होणार. पनवेलमध्ये वासुदेव बळवंतांच्या नावाचं नाट्यगृह आहे, मुंबईत मेट्रो सिनेमापाशी त्यांच्या नावाचा चौक आहे, १९८४ साली त्यांचं टपाल तिकीटही निघालं. माझ्या वडिलांच्या नावाचं काही निघणार नाही, आणि निघायचं कारणही नाही. पण एक गोष्ट वासुदेवरावांकडून शिकण्यासारखी आहे. फरारी असताना, रानावनात, त्यांनी आपलं आत्मचरित्र आणि रोजनिशी लिहिली. अटकेच्या वेळी ते कागद पोलिसांच्या हाती लागले आणि खटल्यात त्यांच्याच विरुद्ध पुरावा म्हणून वापरले गेले. तरीही आज त्यांच्याविषयी आपल्याला जे नेमकं कळतं, ते बरंचसं त्या कागदांमुळे. वाडा नसता राहिला, तरी ते राहिले असते.

म्हणून त्याच संध्याकाळी मी नातीच्या दप्तरातला आलेख कागद मागून घेतला आणि आईला म्हटलं, “सांग. आपलं घर सांग.”

आधी तिला हसू आलं. मग सुरू झाली ती थांबेना. जोत्याला पायऱ्या तीन, मधली तुटकी. ओटीची लांबी वडिलांच्या पावलांनी चौदा. डाव्या हाताला आखाड्यात वाळत घातलेल्या जाळ्याची खुंटी. माजघरात देव, देवांच्या खाली तांदळाचा कणगा, कणग्यामागे मांजरीची जागा. रांधायच्या खोलीत दोन चुली. एक रोजची आणि एक लग्नकार्याची. मधल्या खांबावर कोळशानं ओढलेली रेघ. ती २६ जुलै २००५ ची. त्या दिवशी पावसाचं आणि खाडीचं पाणी एकत्र होऊन घरात जिथवर चढलं, तिथं वडिलांनी खूण केली होती. ती रेघ मी तेरा वर्षं रोज पाहत होतो. तिचा एकही फोटो माझ्याकडे नाही. तो खांब भंगारात गेला की कुणाच्या नव्या घराला लागला, तेही कळलं नाही.

फोटोंचं म्हणाल तर आणखी एक शोध लागला. आमच्या घराचा म्हणून काढलेला फोटो एकही नाही. पण लग्नाचे अल्बम आहेत. बहिणीच्या हळदीच्या फोटोत तिच्या मागे दाराची अर्धी चौकट आहे. भावाच्या साखरपुड्यात कौलांची एक ओळ दिसते. मुलाच्या बारशात पाळण्यामागे ती खुंटी. माणसांना मधे घेऊन काढलेल्या फोटोंच्या कडेकडेला घर उभं आहे. ते तुकडे आम्ही गोळा करतो आहोत. नातीनं त्यांना नंबर दिलेत. तुमच्याही कपाटात असे अल्बम असतील. एकदा माणसांच्या मागे बघा.

आणि एक विनंती. तुमचं गाव उठणार असो वा नसो, इमारत पाडायची ठरली असो वा नसो, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा आणि घराचा नकाशा त्यांच्या तोंडून काढून घ्या. त्यासाठी आर्किटेक्ट लागत नाही, आलेख कागद पुरतो. रजा काढावी लागली तर काढा. मी काढली नव्हती.

आमचा नकाशा अजून पुरा झालेला नाही. अडलंय ते मागच्या दारापाशी. आई म्हणते, दार नदीकडे होतं, सकाळचं ऊन थेट चुलीवर यायचं. माझी आत्या उरणला असते. ती फोनवर शपथ घेऊन सांगते की, दार वडाकडे होतं, नदी दिसायला कोपऱ्यात जावं लागायचं. मी त्या घरात जन्मलो, त्या दारातून लाखदा आत-बाहेर केलं, आणि मला आठवत नाही. पुढच्या महिन्यात आत्या राहायला येणार आहे. दोघींना समोरासमोर बसवणार आहे. तोवर नातीनं त्या भिंतीवर दार पेन्सिलनं काढून ठेवलं आहे, खोडता येईल असं.